कॉम्प्रेसर-पंपाचा व्हॉल्व्ह : पुर्जा लहान, हिशेब मोठा

कॉम्प्रेसर खरेदी करताना आपला कारागीर साधारणपणे चार प्रश्न विचारतो. मोटर किती हॉर्सपॉवरची? टाकी किती लिटरची? प्रेशर किती? आणि शेवटी, भाव किती? पाचवा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. तो म्हणजे, हेडमधला व्हॉल्व्ह कोणत्या जातीचा आहे आणि त्याची प्लेट-स्प्रिंग बाजारात मिळते काय? वास्तविक पाहता हाच प्रश्न पुढे जास्त पैशांचा ठरतो. यंत्राची किंमत एकदाच द्यावी लागते. विजेचे बिल मात्र दर महिन्याला येते, आणि त्या विजेतून हवा किती तयार झाली हे बऱ्याच अंशी तळहाताएवढ्या व्हॉल्व्हवर अवलंबून असते.

पिस्टनचा कॉम्प्रेसर आपल्या लोकांच्या रोजच्या धंद्यात सर्वत्र आहे. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमाग कारखान्यांत मागावरचा कापसाचा धुरळा उडवण्यासाठी हवा लागते. एअरजेट मागावर तर आडव्याचा धागा हवेच्या झोतानेच नेला जातो. गॅरेज, टायरचे दुकान, स्प्रे पेंटिंग, फर्निचर पॉलिश, फ्रीज-एसी दुरुस्ती, कोकणच्या बंदरांवरील बर्फाचे कारखाने, अशी कितीतरी ठिकाणे सांगता येतील. गाड्या धुण्याचा प्लंजर पंप, शेतातील फवारणी पंप आणि गावातला हातपंप हेही त्याच घराण्यातले. या सर्वांत एक दट्ट्या पुढे-मागे होतो आणि व्हॉल्व्ह वाट उघडतात व बंद करतात. मोठ्या शेडमध्ये आता स्क्रू कॉम्प्रेसर आले आहेत. त्यांना सिलिंडरचे असे व्हॉल्व्ह नसतात, म्हणून ते या लेखाच्या बाहेर ठेवले आहेत.

व्हॉल्व्ह उघडतो कोण?

मोटारगाडीच्या इंजिनात व्हॉल्व्ह उघडण्यासाठी कॅमशाफ्ट असतो. कॉम्प्रेसरच्या व्हॉल्व्हला असा कोणी उघडणारा नसतो. त्याच्या दोन बाजूंच्या दाबात फरक पडला की तो आपोआप उघडतो आणि फरक संपला की स्प्रिंगच्या जोराने मिटतो. वाऱ्याने उघडणारे आणि उलट्या वाऱ्याने मिटणारे दार डोळ्यांपुढे आणावे.

पिस्टन मागे सरकला की सिलिंडरमधील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, सक्शन व्हॉल्व्ह उघडतो आणि हवा आत येते. पिस्टन पुढे आला की आतला दाब वाढतो आणि सक्शन मिटतो. दाब टाकीतील दाबापेक्षा थोडा जास्त झाला की डिलिव्हरी व्हॉल्व्ह उघडून हवा टाकीकडे जाते. व्हॉल्व्हमध्ये मुख्य भाग चारच. हवेची छिद्रे असलेली सीट, तिच्यावर बसणारी प्लेट, प्लेटला सीटवर दाबणारी स्प्रिंग, आणि प्लेट किती उचलावी याची हद्द ठरवणारा गार्ड.

आता या प्लेटची मेहनत पाहा. कॉम्प्रेसर मिनिटाला ७५० फेरे फिरत असेल तर प्लेट मिनिटाला ७५० वेळा उघडते आणि तितक्याच वेळा आपटून मिटते. तासाला ४५ हजार वेळा, दहा तासांत साडेचार लाख वेळा, आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तर साडेतेरा कोटी वेळा. एका फेऱ्याला वेळ मिळतो सेकंदाचा साडेबारावा भाग. तेवढ्यात हवा आत घ्यायची, दाबायची आणि बाहेर काढायची. एवढे काम करणाऱ्या पुर्ज्याला ‘गोल पत्रा’ समजून कोणताही तुकडा कापून बसवणे म्हणजे महागड्या मागाला सुतळीची दोरी लावण्यासारखे आहे.

जुना इतिहास, नवी प्लेट

पिस्टन आणि व्हॉल्व्हचा पंप फार जुना आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया शहरातील क्टेसिबियसने असा पंप केल्याचे सांगितले जाते. पुढे दियारबकर येथील अर्तुकी दरबारातले यंत्रतज्ज्ञ अल-जझरी यांनी १२०६ मध्ये पूर्ण केलेल्या आपल्या अरबी ग्रंथात समोरासमोर दोन सिलिंडर आणि पाणी ओढणारे सक्शन पाइप असलेला पंप चित्रासह दिला. दमास्कसमध्ये जन्मलेल्या तकीउद्दीन यांनी १५५१ च्या ग्रंथात सहा सिलिंडरचा पंप वर्णन केला. या सर्व पंपांत एकेरी वाट देणाऱ्या झडपाच होत्या. पाणी धिम्या गतीने चाले, म्हणून साधी बिजागरीची झडप पुरत असे.

अडचण आली ती कारखान्यांच्या युगात. भट्ट्यांना हवा पुरवणारी मोठी यंत्रे जलद फिरवायची तर चामड्याच्या झडपा किंवा घासत सरकणारे जड व्हॉल्व्ह साथ देईनात. १८९५ च्या सुमारास ऑस्ट्रियन अभियंता हान्स हॉर्बिगर यांनी पोलादाच्या पातळ, हलक्या प्लेटचा व्हॉल्व्ह काढला. प्लेट स्वतःच्याच लवचिक हातांवर धरलेली असल्याने ती कोठे घासत नसे. वजन कमी आणि घर्षण नाही, म्हणून यंत्राचा वेग वाढवता आला. आजचे प्लेट व्हॉल्व्ह त्याच वंशातले आहेत. १९५० मध्ये कोस्टाग्लिओला या संशोधकाने स्प्रिंगच्या व्हॉल्व्हची हालचाल आणि हवेचा प्रवाह यांचे गणित एकत्र मांडले. आता हेच गणित संगणकावर करून व्हॉल्व्ह आखले जातात.

रचनेची ओढाताण

व्हॉल्व्ह आखणाऱ्यापुढे प्रश्न असा की, हवेला वाट मोठी द्यायची, पण प्लेटला फार उचलू द्यायचे नाही. प्लेट जितकी जास्त उचलेल तितकी ती परतताना जोराने आपटेल आणि लवकर तुटेल. या उचलण्याला ‘लिफ्ट’ म्हणतात. हवेच्या कॉम्प्रेसरमध्ये ती साधारण १ ते ३ मिलिमीटर असते, आणि वेगवान यंत्रात कमी ठेवतात.

मग एवढ्याशा फटीतून हवा जाते कशी? येथे भूमितीची एक सुंदर युक्ती आहे. समजा सीटला ४० मिलिमीटर व्यासाचे एकच छिद्र आहे. हवा प्लेटच्या कडेने, म्हणजे घेराच्या फटीतून निघते. छिद्राएवढीच वाट कडेने मिळायची तर प्लेट १० मिलिमीटर उचलावी लागेल. आता तेवढ्याच क्षेत्रफळाची २० मिलिमीटरची चार छिद्रे केली तर एकूण घेर दुप्पट होतो आणि ५ मिलिमीटर लिफ्ट पुरते. १० मिलिमीटरची सोळा छिद्रे केली तर अडीच मिलिमीटर पुरते. क्षेत्रफळ तेच, कडा मात्र चौपट. म्हणूनच चांगल्या व्हॉल्व्हच्या सीटमध्ये एक मोठे भोक नसून गोलाकार बारीक फटींच्या रांगा दिसतात. नियम सोपा आहे : छिद्राच्या व्यासाच्या चौथाईपेक्षा जास्त उचलून उपयोग नाही, नुसती आपटाआपटी वाढते.

दुसरी ओढाताण स्प्रिंगची. स्प्रिंग फार कडक असेल तर प्लेट पूर्ण उघडत नाही, मध्येच फडफडत राहते. हवेला अडथळा होतो, वीज जास्त लागते आणि फडफडीने प्लेट व स्प्रिंग दोन्ही थकतात. स्प्रिंग फार ढिली असेल तर पिस्टन परत फिरला तरी प्लेट उघडीच राहते, हवा उलटी फिरते आणि तो उलटा झोत प्लेटला सीटवर आदळतो. म्हणजे कडकही वाईट आणि ढिलीही वाईट. यंत्राचा वेग आणि दाब पाहून मधला बिंदू काढलेला असतो. म्हणूनच ‘जवळपास बसते’ अशी दुसऱ्या यंत्राची स्प्रिंग लावणे चुकीचे आहे, मग ती कितीही भारी असो.

तिसरी गोष्ट मोकळ्या जागेची. पिस्टन अगदी टोकाला गेला तरी हेडखाली आणि व्हॉल्व्हच्या खोबणीत थोडी हवा अडकून राहते. पिस्टन मागे फिरला की ती दाबलेली हवा आधी फुगते आणि नव्या हवेची जागा खाते. एका टप्प्यात ७ बार दाब करणाऱ्या यंत्रात ही मोकळी जागा सिलिंडरच्या ५ टक्के असेल तर आत येणारी हवा सुमारे १७ टक्क्यांनी घटते. जागा १० टक्के झाली तर सुमारे ३४ टक्क्यांनी. हेडखाली जाड गॅस्केट टाकून ‘फिट’ करणारा मेकॅनिक नकळत हीच जागा वाढवत असतो.

जाती किती?

लहान, हवेने थंड होणाऱ्या कॉम्प्रेसरमध्ये बहुधा पत्तीचा, म्हणजे रीड व्हॉल्व्ह असतो. एका टोकाला बांधलेली पोलादी पट्टी वाकते आणि परत बसते. पट्टी आणि स्प्रिंग एकच, म्हणून स्वस्त आणि सुटसुटीत. फ्रीजच्या सीलबंद कॉम्प्रेसरमध्येही हाच असतो. मध्यम आणि मोठ्या यंत्रांत प्लेट व्हॉल्व्ह येतो, त्यात अनेक कडी जोडून केलेली एकच प्लेट असते. काही यंत्रांत प्रत्येक कडी सुटी असते, त्याला रिंग व्हॉल्व्ह म्हणतात. टोपीच्या आकाराचे अनेक छोटे व्हॉल्व्ह असलेला पॉपेट व्हॉल्व्ह वायूच्या धिम्या यंत्रांत वापरतात.

बर्फाच्या कारखान्यातील अमोनिया कॉम्प्रेसरला आणखी एक जपणूक लागते. कधी कधी वायूबरोबर द्रव अमोनिया सिलिंडरमध्ये येतो. द्रव दाबला जात नाही, त्यामुळे प्लेट तर तुटतेच, पिस्टनचाही घात होऊ शकतो. म्हणून अशा यंत्रात डिलिव्हरी व्हॉल्व्हचा सगळा संच एका जाड स्प्रिंगने धरलेला असतो. द्रवाचा धक्का बसला की अख्खा संच उचलला जातो आणि हेड वाचते. त्या स्प्रिंगखाली वॉशर भरून ती ‘घट्ट’ करणे म्हणजे संकटकाळचा दरवाजा खिळे ठोकून बंद करणे.

पत्र्यालाही उभा-आडवा असतो

कापडाच्या माणसाला उभा आणि आडवा सांगावा लागत नाही. उभ्याची ताकद वेगळी, आडव्याची वेगळी. पोलादी पत्र्याचेही तसेच आहे. लाटताना ज्या दिशेने तो ओढला जातो त्या दिशेला वारंवार वाकण्याची त्याची ताकद जास्त असते. म्हणून रीडची लांबी लाटणीच्या दिशेनेच ठेवतात. शिवाय पत्ती कापल्यावर तिच्या कडा घोळवून गोल आणि गुळगुळीत करतात. कारण कोट्यवधी वेळा वाकणाऱ्या पोलादाला तडा जातो तो बहुतेक कडेवरच्या ओरखड्यापासून. या कामासाठी खास फ्लॅपर व्हॉल्व्ह स्टील बनते, आणि स्वीडनचे पोलाद त्यात नावाजलेले आहे.

आता बाजारात काय चालते ते पाहू. जुनी पत्ती ठेवून तिच्या मापाची नवी पत्ती साध्या पत्र्यातून कात्रीने कापली जाते. दिसायला ती सारखीच दिसते. पण पोलाद वेगळे, दिशा पाहिलेली नाही आणि कडेला कात्रीचे दाते. ती काही दिवस चालते आणि एके दिवशी तुकडा तुटून सिलिंडरमध्ये पडतो. मग पिस्टन, लायनर आणि हेड यांचा खर्च उभा राहतो. बाजारात म्हण आहेच, ‘महँगा रोए एक बार, सस्ता रोए बार बार.’ व्हॉल्व्हच्या पत्तीइतकी ती दुसरीकडे क्वचितच लागू पडत असेल.

अलीकडे अनेक यंत्रांत पोलादाऐवजी ‘पीक’सारख्या मजबूत प्लॅस्टिकच्या प्लेटी येतात. त्या हलक्या असतात, सीटवर हळू बसतात आणि तुटल्या तरी सिलिंडरला फारसे ओरबाडत नाहीत. मात्र त्यांना उष्णतेची हद्द असते. म्हणून ज्या यंत्रासाठी उत्पादकाने त्या सुचवल्या असतील तेथेच वापराव्यात.

पंपाचे गणित वेगळे

हवा दबते, पाणी दबत नाही. या एका फरकामुळे पंपाच्या व्हॉल्व्हची रचना बदलते. पाणी जड असते आणि एकदा चालू लागले की एकदम थांबत नाही. व्हॉल्व्ह मिटायला उशीर झाला तर उलटे फिरलेले पाणी त्याला सीटवर आदळते आणि पाइपात हातोडा मारल्यासारखा आवाज येतो. म्हणून प्लंजर पंपात व्हॉल्व्ह वेळेवर मिटेल इतकी स्प्रिंग हवी. पण सक्शनच्या बाजूला ती हलकीच हवी. कारण पाणी वर चढवते ते वातावरणाच्या दाबाने, आणि त्याची ताकद समुद्रसपाटीला जास्तीत जास्त १०.३ मीटर. पाइपाचे घर्षण, वाफेचा दाब आणि व्हॉल्व्ह उघडण्याचा जोर वजा जाता हाती ६ ते ७ मीटरच उरतात. कडक सक्शन स्प्रिंग त्यातूनही वाटा घेते. मग पाण्यात बुडबुडे होतात, फुटतात आणि धातू कुरतडतात.

घट्ट किंवा गाळाच्या द्रवाला गोळीचा, म्हणजे बॉल व्हॉल्व्ह चांगला. गोळी फिरत राहते, त्यामुळे एकाच ठिकाणी झिजत नाही आणि कचरा अडकला तरी सुटतो.

हातपंपाचे उदाहरण तर आपल्याच मुलखातले आहे. देशभर गावोगावी बसलेला ‘इंडिया मार्क २’ हा पंप १९७० च्या दशकात युनिसेफच्या मदतीने विकसित झाला, आणि त्याचा पाया होता सोलापूरचा पंप. त्यात खाली विहिरीतील सिलिंडरमध्ये दोन व्हॉल्व्ह असतात, एक दट्ट्यात आणि एक तळाला. पंप मजबूत होता, पण तळाचा व्हॉल्व्ह किंवा वॉशर खराब झाला की सगळे पाइप वर काढावे लागत. त्याला माणसे, अवजारे आणि गाडी लागे. पुढच्या ‘मार्क ३’ मध्ये पाइप मोठा घेऊन सिलिंडर वरून उघडा ठेवला, त्यामुळे दट्ट्या आणि तळाचा व्हॉल्व्ह पाइप न हलवता सळईने वर ओढता येतात. पाणी तेच, पण दुरुस्ती गावातल्या माणसाच्या हाती आली. व्हॉल्व्हची चांगली रचना फक्त चांगले चालण्यात नसते, ती सहज दुरुस्त होण्यातही असते.

गळका व्हॉल्व्ह किती खातो?

हिशेबासाठी एक उदाहरण धरू. २० हॉर्सपॉवरचा, म्हणजे सुमारे १५ किलोवॅटचा कॉम्प्रेसर आहे आणि कामाची हवा पुरवण्यासाठी तो दिवसाला ७ तास भारावर चालतो. वीज लागली १०५ युनिट. व्हॉल्व्ह गळू लागले आणि हवा १५ टक्क्यांनी कमी मिळू लागली. तेवढ्याच हवेसाठी आता तो सुमारे सव्वाआठ तास चालेल आणि १२३.५ युनिट लागतील. रोजचा जादा खर्च साडेअठरा युनिट, ३०० दिवसांचा ५,५५० युनिट. युनिटला ८ रुपये धरले तर वर्षाला ४४,४०० रुपये. वाचकांनी आपल्या बिलावरचा दर घालून पाहावा. हा पैसा कोणी चोरून नेत नाही, म्हणून कोणी ओरडत नाही. तो गरम हवेच्या रूपाने निघून जातो.

पैशापेक्षाही मोठा धोका आहे. गळक्या डिलिव्हरी व्हॉल्व्हमधून गरम हवा परत आत येते आणि पुन्हा दाबली जाते, त्यामुळे उष्णता चढत जाते. ३० अंशांची हवा एकाच टप्प्यात ७ बारपर्यंत दाबली तर हिशेबाने ती २७५ अंशांच्या आसपास जाते. दोन टप्प्यांत, मध्ये थंड करून दाबली तर प्रत्येक टप्प्यात १३५ च्या आसपास राहते. जादा उष्णतेने सिलिंडरचे तेल जळून व्हॉल्व्हवर आणि पाइपात काजळी धरते. काजळी प्लेटला बसू देत नाही, म्हणून गळती वाढते आणि उष्णता आणखी वाढते. अशा काजळीने पेट घेऊन पाइप फुटण्याचे अपघात होतात. माग चालतात त्या जागी तर कापसाचा धुरळा हवेच्या फिल्टरमध्ये बसतो. फिल्टर कोंडला की सिलिंडरला हवा कमी मिळते आणि तापमान वाढते. म्हणून अशा ठिकाणी फिल्टरची सफाई पुस्तकात लिहिली आहे त्यापेक्षा लवकर करावी, आणि जमल्यास हवा शेडबाहेरच्या स्वच्छ जागेतून घ्यावी.

दुखणे कसे ओळखावे?

पहिली परीक्षा घड्याळाची. टाकीतील पाणी काढून टाकावे, टाकी रिकामी करावी, बाहेर जाणारा कॉक बंद करावा आणि ७ बार होईपर्यंतचा वेळ मोजावा. ५०० लिटरच्या टाकीला ७ बारसाठी साध्या दाबाची सुमारे ३,५०० लिटर हवा लागते. १ मिनिट ४५ सेकंद लागले तर यंत्र मिनिटाला २,००० लिटर देत आहे. त्याच यंत्राला २ मिनिटे लागू लागली तर ते १,७५० लिटरवर आले, म्हणजे साडेबारा टक्के गेले. यंत्र नवे असतानाच हा वेळ वहीत लिहून ठेवावा आणि दर महिन्याला ताडून पाहावा.

दुसरी परीक्षा मधल्या गेजची. दोन टप्प्यांच्या कॉम्प्रेसरमध्ये इंटरकूलरवर गेज असतो. टाकीत ७ बार असताना तेथे साधारण १.८ बारच्या आसपास दाब अपेक्षित असतो, नेमका आकडा उत्पादकाच्या पुस्तकात पाहावा. मधला दाब नेहमीपेक्षा वाढला तर दुसऱ्या, म्हणजे लहान सिलिंडरचे व्हॉल्व्ह पाहावेत, कारण ते पुढची हवा उचलत नाहीत. मधला दाब घटला तर पहिल्या, मोठ्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह किंवा फिल्टर पाहावा.

तिसरी परीक्षा उष्णतेची. सक्शन व्हॉल्व्हच्या जागी हेड शेजारच्यापेक्षा जास्त तापत असेल तर तो गळतो असे समजावे. हात लावून पाहू नये, तापमान मोजण्याचे साधन वापरावे. चौथी खूण फिल्टरची. फिल्टरजवळ धरलेला कागद ओढला जाण्याऐवजी धक्के देऊन बाहेर फेकला जाऊ लागला तर सक्शन व्हॉल्व्ह हवा परत सोडत आहे.

बसवताना घ्यायची काळजी

हेड उघडण्यापूर्वी मेन स्विच बंद करून फ्यूज काढावा, टाकी आणि इंटरकूलर दोन्ही रिकामे करावेत. काजळी लाकडाने किंवा पितळेच्या ब्रशने काढावी, स्क्रू ड्रायव्हरने सीट खरवडू नये. वापरलेली प्लेट उलटी करून पुन्हा बसवू नये, कारण ती एका बाजूने सरावलेली असते आणि उलटल्यावर लवकर तुटते. झिजलेली प्लेट घासून पातळ केली की तितकी लिफ्ट वाढते आणि स्प्रिंगचा जोर कमी होतो. प्लेट बदलताना स्प्रिंगही संपूर्ण संचाने बदलाव्यात, एक नवी आणि पाच जुन्या असे करू नये.

हवेच्या व्हॉल्व्हची गळती पाहण्यासाठी कारागीर सीटवर रॉकेल ओततात आणि थेंब टपकतो का ते बघतात. परीक्षा चांगली आहे, पण नंतर व्हॉल्व्ह पूर्ण पुसून कोरडा केल्याशिवाय बसवू नये. ऑक्सिजनच्या यंत्राजवळ तर तेल-रॉकेल आणूच नये.

सर्वांत महत्त्वाचे, सक्शन व्हॉल्व्ह डिलिव्हरीच्या जागी बसता कामा नये. तसे झाले तर हवेला बाहेर पडायला वाटच राहत नाही आणि हेड फुटू शकते. बसवण्यापूर्वी लाकडी काडीने प्लेट दाबून पाहावी. सक्शनची प्लेट सिलिंडरच्या दिशेने, आतल्या बाजूला हलली पाहिजे, आणि डिलिव्हरीची बाहेरच्या बाजूला. या परीक्षेला अर्धा मिनिटही लागत नाही.

खरेदी करताना

नवा कॉम्प्रेसर घेताना व्हॉल्व्हची जात, प्लेट-स्प्रिंगच्या संचाचा नंबर आणि भाव कोटेशनमध्येच लिहून घ्यावा. एक जादा संच यंत्राबरोबरच घेऊन ठेवावा, म्हणजे सीझनच्या ऐन गर्दीत मिळेल ते घेण्याची पाळी येत नाही. जुना कॉम्प्रेसर घेताना रंग आणि मोटरची प्लेट पाहून सौदा करू नये. टाकी भरण्याचा वेळ आपल्या घड्याळात मोजावा, एक व्हॉल्व्ह उघडून दाखवायला सांगावे, आणि सीटवर खाचा, काजळी किंवा कात्रीने कापलेली पत्ती दिसली तर त्याचा खर्च भावातून वजा करावा. विकणारा उघडू देत नसेल तर तेही एक उत्तरच आहे.

कापड घेताना आपण ते उजेडात धरतो, बोटांनी चोळतो, उभा-आडवा मोजतो, आणि मगच गजाचा भाव बोलतो. कॉम्प्रेसर आणि पंप घेतानाही हेड उघडून तेवढीच पारख करावी. जो कारागीर आपल्या यंत्राचा व्हॉल्व्ह ओळखतो त्याला मेकॅनिकच्या बोलण्यावर आणि दुकानदाराच्या ‘चालून जाईल’वर विसंबून राहावे लागत नाही.